भाग ३१ : सर्जरीचा मेसेज स्वाइप करू नका

(ही या भागाची लेखी प्रत. बोलताना आलेले खोकले आणि दर वाक्यातलं ‘म्हणजे’ काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज आवाज थोडा बसलेला वाटेल, सांभाळून घ्या. ऑक्टोबर आहे, रेडिंगमध्ये चार दिवस पाऊस आहे, ऑफिसातला अर्धा मजला खोकतोय. काल संध्याकाळी मी आमच्या सर्जरीत जाऊन डाव्या दंडात फ्लूची लस घेऊन आलोय. दंड दुखतोय, पण ते दुखणं मी अगदी आनंदाने सहन करतोय. का, ते पुढे सांगतो.

आधी ‘सर्जरी’ या शब्दाचं बघू. मी इंग्लंडमध्ये नवीन होतो तेव्हा एकदा आईला फोनवर म्हणालो, “आई, नंतर बोलतो, सर्जरीला चाललोय.” पलीकडे एकदम शांतता. मग बाबांचा आवाज, “कसली सर्जरी? आधी का नाही सांगितलंस? कंपनीचा इन्शुरन्स आहे ना?” साताऱ्यात दोन मिनिटांत शेजारचे काकासुद्धा फोनजवळ आले होते. तर मंडळी, इथे सर्जरी म्हणजे आपला दवाखाना. जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा, आणि तो बसतो ती जागा म्हणजे सर्जरी. चाकूबिकू काही नसतं. माझ्या सर्जरीत तर मला डॉक्टर भेटायलाच आठ महिने लागले, तोवर नर्स, फार्मासिस्ट आणि रिसेप्शनिस्ट यांच्यावरच काम भागलं.

हा भाग मुख्यतः गेल्या दोन-तीन वर्षांत इकडे आलेल्यांसाठी आहे. एमएस करायला आलेले, आयटीत नोकरीला आलेले, लग्न होऊन आलेले. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं नाव अजून कुठल्याच सर्जरीत नसेल, हे मी पैजेवर सांगतो. मला मेसेज येतात ना. “आजारी पडल्यावर बघू.” मीही हेच म्हणायचो.

आपल्याकडे दवाखाना कसा चालतो? ताप आला की संध्याकाळी सहाला जायचं, बाकावर बसायचं, कंपाउंडर नंबर सांगतो, डॉक्टर जीभ बघतात, पुडीत गोळ्या देतात, पैसे द्यायचे, घरी यायचं. आधी नाव नोंदवा वगैरे काही नाही. इथे उलटं आहे. इथे आधी तुम्ही यादीत हवेत. तुमच्या पोस्टकोडला जी सर्जरी लागू आहे तिच्याकडे नाव नोंदवायचं. ऑनलाइन फॉर्म असतो, पंधरा मिनिटांचं काम. पैसे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा यांतलं काहीही बंधनकारक नाही. भाड्याचा करार अजून हातात आला नाही म्हणून थांबलोय, असं कोणी म्हणत असेल तर थांबू नका. आणि पैसे तर तुम्ही आधीच भरलेत! व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज म्हणून वर्षाला १,०३५ पौंड भरले होते ना? तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे ३,१०५ पौंड. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६. एवढे भरून आपण सुटकेसमधून आणलेल्या क्रोसिनवर दिवस काढतो.

आता त्या फॉर्मबद्दल. खरं तर हा सगळा भाग त्या फॉर्ममधल्या एका रकान्याबद्दलच आहे.

मला लहानपणापासून दमा आहे. घरी त्याला कोणी दमा म्हणायचं नाही. ‘बाळदमा’ म्हणायचे, मोठा झाल्यावर जाईल म्हणायचे. मी सहावीत असताना मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन, रांगेत उभा राहून, जिवंत मासा गिळून आलोय. माशाने काय केलं माहीत नाही, मी मात्र पुढे दोन वर्षं मासे खाल्ले नाहीत. नंतर पुण्यात कॉलेजला असताना एका चांगल्या डॉक्टरांनी नीट समजावलं आणि रोजचा इन्हेलर सुरू झाला, स्टेरॉईड असलेला. त्यावर मी ठणठणीत होतो. ट्रेक करायचो, राजगड चढायचो.

पण बाहेर सांगायचं नाही, हा घरचा नियम. आत्याबाई स्पष्टच म्हणायच्या, “दमा आहे म्हणून गावभर सांगत सुटू नकोस, उद्या स्थळं यायची आहेत.” हसू येतंय ना? पण ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरी हेच आहे, विचार करा. कोणाचा थायरॉईड, कोणाची फिट, कोणाची शुगर. लग्न जमेपर्यंत सगळे निरोगी.

तर रेडिंगला आल्यावर रूममेटने मागे लागून माझ्याकडून सर्जरीचा फॉर्म भरून घेतला. त्यात प्रश्न होता : तुम्हाला कुठला दीर्घकाळचा आजार आहे का? मधुमेह, दमा, हृदयविकार, पुढे चौकोन. मी दोन सेकंद थांबलो. डोक्यात आलं, हे कंपनीला कळलं तर? व्हिसा वाढवताना अडचण आली तर? आणि आत्याबाईंचा आवाज तर होताच. मी ‘काही नाही’ वर टिक केलं. पुढचा प्रश्न, सध्या कुठली औषधं घेता? काही नाही.

आणि औषधं तर होती! सुटकेसमध्ये पुण्याहून आणलेले सहा इन्हेलर होते. मी हिशेब केला की वर्ष निघेल. मग चार महिन्यांनी लक्षात आलं की नाही निघणार, तेव्हा दिवसातून दोनदाचं एकदा केलं. मग ‘वाटलं तर’. नोकरीत लोड बॅलन्सिंग करतो, तसं मी फुप्फुसांचं केलं.

सप्टेंबर आला. माझा रूममेट नागपूरचा, त्याला टाईप वन मधुमेह. त्याला सर्जरीकडून मेसेज आला, तुम्हाला फ्लूची लस मोफत आहे, ही लिंक, वेळ निवडा. त्याने मला दाखवला. मला आला नव्हता. मी म्हटलं, तुझं नशीब बाबा, मला कोणी विचारत नाही. आणि हसलो.

नोव्हेंबरमध्ये मला फ्लू झाला. पहिले दोन दिवस ताप, अंगदुखी, नेहमीचं. तिसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली ती श्वास आत जात नव्हता म्हणून. खरं म्हणजे दम्यात आत जातो, बाहेर येत नाही. उशीवर उशी ठेवून बसलो. निळा इन्हेलर घेतला, परत घेतला, फरक नाही. रूममेटने १११ ला फोन लावला, हा एनएचएसचा सल्ल्याचा नंबर. पलीकडच्या बाई म्हणाल्या, त्याला एक पूर्ण वाक्य बोलू द्या. मी माझं नाव सांगितलं, आणि आडनावाच्या आधी थांबलो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, अॅम्ब्युलन्स पाठवली. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आता सांगतो. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल तर १११ नाही, सरळ ९९९.

हॉस्पिटलमध्ये नेब्युलायझर, स्टेरॉईडच्या गोळ्या, नाकातला स्वॅब, त्यात इन्फ्लुएन्झा ए निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. मी आईला तीन आठवडे काही सांगितलं नाही.

पण सर्जरीला कळलं. हॉस्पिटलचं पत्र तिथे गेलं आणि दुसऱ्या दिवशी सर्जरीतल्या नर्सचा फोन आला की ये, तपासायचंय. दम्याचा असा झटका येऊन गेला की दोन कामाच्या दिवसांत तपासणी व्हावी असं इथलं मार्गदर्शन आहे. मी गेलो. नर्स साठीच्या आसपासची, शांत बाई. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, “तुझ्या नोंदीत दमा नाहीच. इन्हेलर पण नाही. तू नेमका कधीपासून घेतोयस?” मी खरं सांगितलं. सहा इन्हेलरचा हिशेबही सांगितला. ती रागावली नाही. तिने ते टाईप केलं. पाच मिनिटं फक्त कीबोर्डचा आवाज. मला इतकी लाज वाटली नव्हती कधी.

मग मी विचारलं, मला लसीचा मेसेज का नाही आला? तर म्हणाली, “कसा येणार?”

आणि इथे माझ्यातल्या इंजिनिअरच्या कानाखाली बसली. मंडळी, सर्जरीत हजारो माणसांची नावं असतात. ‘अरे, त्या साताऱ्याच्या मुलाला लस द्यायची राहिली’ असा विचार करत तिथे कोणी बसलेलं नसतं. तुमचा प्रत्येक आजार, प्रत्येक लस, प्रत्येक औषध हे स्नोमेड सीटी नावाच्या कोडयादीतला एकेक कोड म्हणून साठवलेलं असतं. हंगाम जवळ आला की सिस्टीमवर एक शोध चालवतात. वय ६५ किंवा जास्त? घ्या. गरोदर? घ्या. मधुमेहाचा कोड? घ्या. दम्याचा कोड आहे आणि स्टेरॉईडचा इन्हेलर चालू आहे? घ्या. जी यादी निघेल तिला मेसेज. ही तर सिलेक्ट-व्हेअर क्वेरी झाली! मी रोज पोटासाठी तेच करतो. आणि माझ्या रेकॉर्डमध्ये दोन्ही रकाने रिकामे. लस माझ्या हक्काची होती, मोफत होती, पण क्वेरीच्या दृष्टीने मी अस्तित्वातच नव्हतो. क्वेरी बरोबर होती. डेटा मी खोटा भरला होता.

कंपनीला कळेल ही भीतीही फुकटची होती. तुमची जीपीची नोंद गोपनीय असते, तुमच्या संमतीशिवाय मॅनेजर ती उघडून बघू शकत नाही. आत्याबाई तर नाहीच नाही.

म्हणून आजचं काम. ज्यांनी फॉर्म भरताना माझ्यासारखी टिक केली असेल त्यांनी सर्जरीला कळवा की माहिती दुरुस्त करायची आहे. कोणी ओरडत नाही. भारतातले जुने रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन यांचे फोटो चालतात. एक सांगतो, औषधाचं ब्रँडचं नाव सांगू नका, आतल्या घटकाचं सांगा. ‘टेल्मा’ म्हणालात तर इथे कोणाला कळणार नाही, टेल्मिसार्टन म्हणालात की लगेच कळेल. स्ट्रिपवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता यंदाच्या हंगामाचं. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना फ्लूची लस १ सप्टेंबरपासून सुरू झाली, बाकीच्या पात्र मोठ्यांना १ ऑक्टोबरपासून. लस घेतल्यावर तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे ‘दिवाळी झाली की बघू’ करू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलांना सर्जरीत देतात, सुईने नाही, नाकात फवारा. त्या फवाऱ्यात डुकरापासून बनवलेलं जिलेटिन असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी सांगावं, जिलेटिन नसलेली टोचायची लस मिळते. गरोदर असाल तर २८ आठवड्यांनंतर आरएसव्हीची लसही आहे, ती जन्मणाऱ्या बाळाला श्वसनाच्या आजारापासून वाचवण्यासाठी असते. कोविडची लस यंदा फारच थोड्यांना आहे, ७५ आणि त्यावरचे, वृद्धांच्या केअर होममधले आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेले. माझ्यासारख्या दमेकऱ्याला नाही. आणि जे कुठल्याच यादीत बसत नाहीत त्यांनी आपल्या कंपनीत विचारा, बऱ्याच आयटी कंपन्या फ्लूचं व्हाउचर देतात. नसेल तर केमिस्टकडे पैसे देऊन मिळते.

घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, मग चार वाजताच दिवेलागण. इथे सरकारी सल्लाच आहे की हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यावं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्यांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. त्यासाठी सर्जरीत जाऊ नका, सुपरमार्केटात मिळतं. तसंच मे-जूनचं हे फीवर. पहिल्या उन्हाळ्यात मी शिंकून शिंकून तीन कोविड टेस्ट केल्या, नंतर कळलं की हे गवताचे परागकण आहेत. सेटिरिझिनही दुकानातच मिळतं.

नाताळ मात्र जपा. बँक हॉलिडेला सर्जरी बंद. नेहमीची औषधं एनएचएस अॅपवरून मागवली की सर्जरीला मंजुरीसाठी साधारण दोन कामाचे दिवस लागतात, मग केमिस्टचा वेळ. २३ डिसेंबरला मागवाल तर नवीन वर्ष उजाडेल. सर्जरीचा ‘औषधं आधी मागवा’ हा मेसेज डिसेंबरच्या सुरुवातीला येतो आणि आपण तो पिझ्झाच्या ऑफरसारखा सरकवतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स पडतात. माझ्या रूममेटला मधुमेहामुळे सगळं माफ, मला दम्याला माफी नाही, हे मला अजून पटलेलं नाही. वर्षाला बारा किंवा जास्त औषधं लागत असतील तर ११४ पौंड ५० पेन्सचं वार्षिक प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्या, स्वस्त पडतं.

तुम्ही सगळ्यात जास्त तक्रार करता ती अपॉइंटमेंटची. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत सतरावा नंबर, साडेआठला ‘आजच्या संपल्या’. मान्य, वैताग आहे. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांनी तातडीच्या नसलेल्या कामांसाठी ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसहा पूर्ण वेळ उघडा ठेवायचा आहे. तो वापरा. आणि रिसेप्शनिस्ट ‘काय होतंय’ विचारते तेव्हा चिडू नका. आपल्याला वाटतं ही कोण विचारणारी? ती चौकशा करत नसते, ती तुम्हाला कोणाकडे पाठवायचं ते ठरवते. पाठ दुखत असेल तर फिजिओ, औषधाचा प्रश्न असेल तर फार्मासिस्ट. घसादुखी, सायनस, किडा चावून पिकणं, नागीण, स्त्रियांना लघवीचा साधा संसर्ग अशा सात तक्रारींवर तर जानेवारी २०२४ पासून केमिस्टच तपासून गरज असेल तर अँटिबायोटिक किंवा दुसरं औषध देऊ शकतो. आणि हो, दोन दिवस ताप आला म्हणून ऑफिससाठी सर्टिफिकेट मागायला सर्जरीत जाऊ नका. सात दिवसांपर्यंत तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं असतं, डॉक्टरची सही लागत नाही. हे मला माझ्या मॅनेजरने सांगितलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता.

शेवटचा प्रश्न, आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांचं काय? व्हिजिटर व्हिसावर असले तरी जीपीला दाखवणं मोफत आहे. पण हॉस्पिटलमध्ये दाखल केलं तर बिल येतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट, त्यामुळे प्रवासाचा विमा घेतल्याशिवाय विमानात बसवू नका. आणि दुभाषा मागता येतो, मोफत. माझी आई उन्हाळ्यात आली होती. मी तिच्यासोबत सर्जरीत गेलो, नर्स विचारतेय, मी मराठीत सांगतोय, आई प्रत्येक प्रश्नाला “काही नाही, बरं आहे” म्हणतेय. मग नर्सने मला बाहेर बसवलं आणि फोनवरून मराठी बोलणाऱ्या बाई जोडून दिल्या. पंचवीस मिनिटं आतून बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलली ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “ती फोनवरची बाई मूळची कोल्हापूरची निघाली.”

चला. सात वाजत आले, माझ्या संध्याकाळच्या इन्हेलरची वेळ झाली. पुढच्या भागात कौन्सिल टॅक्स आणि घरमालकाचं डिपॉझिट. तुमचे प्रश्न नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोटने पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत बसवा, गेल्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. येतो!